परीक्षकांचा घास आणि स्वयंपाकिणीची जात

दूरचित्रवाणीवरील पाककलेच्या स्पर्धेसाठी या पाक्षिकाने आपली जागा का खर्ची घालावी, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. तो आमच्याही मनात आला होता. न्यायालयात अॅट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षे पडून आहेत, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर मिळत नाहीत, आणि वकिलाने लिहावे ते कोणी कोणते कालवण किती सुरेख वाढले यावर? परंतु एका रविवारी घरच्या मंडळींसमवेत बसून ही स्पर्धा पाहत असता एक दृश्य डोळ्यांसमोर आले आणि ते काही केल्या हलेना. एक अनोळखी स्पर्धक ताट घेऊन पुढे येतो. समोर तीन नामांकित परीक्षक. ते त्याचे नाव विचारतात, गाव विचारतात, पदार्थ कसा केला ते विचारतात आणि त्याच्या हातचा घास तोंडात घालतात. जात कोणी विचारीत नाही. हे सर्व कोट्यवधी लोक पाहत असतात.

ज्या देशात रेल्वेच्या फलाटावर एके काळी हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशा निराळ्या घागरी असत, त्या देशात हे दृश्य क्षुल्लक मानता येणार नाही. हातचे खाणे आणि न खाणे यावरच येथे माणसामाणसांतील पायऱ्या मोजल्या गेल्या. सबब ज्या व्यासपीठावर कोणाच्याही हातचे खाल्ले जाते, त्या व्यासपीठाची चौकशी करण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि आमच्या मते ते कर्तव्यही आहे.

प्रथम जे चांगले आहे ते चांगले म्हणू. ‘मास्टरशेफ इंडिया’ ही स्पर्धा २०१० साली सुरू झाली. पहिल्या वर्षी लखनौच्या पंकज भदौरिया, शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या, विजयी झाल्या. पुढे सहाव्या पर्वात, २०२० साली, ओडिशाचे अबिनाश नायक जिंकले. २०२३ साली आसामच्या तिनसुकियाचे नयनज्योती सैकिया जिंकले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मंगळुरूचे मोहम्मद आशिक. हे गृहस्थ सरबताचे दुकान चालवीत. त्यांच्याच बरोबर मेघालयच्या नाम्बी जेसिका मराक अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. त्यांच्या डोंगराळ मुलखातील, आपण ज्यांची नावेही ऐकली नव्हती असे पाले आणि कंद त्यांनी त्या झगमगत्या ओट्यावर आणून ठेवले. दिल्ली-मुंबईच्या बाहेरही जिभा आहेत, चुली आहेत, आणि त्या चुलींपुढे बसणाऱ्यांना बुद्धी आहे, हे या मंडळींनी सिद्ध केले. त्यांच्या यशात आम्हाला किंचितही खोट काढावयाची नाही. ते त्यांनी घामाने मिळवले आहे.

परंतु या यशाचा दाखला देऊन काही सज्जन आम्हाला सांगतात की, ‘पाहा, गुणाला जात नसते आणि ताटालाही नसते, तुम्हीच उगाच जुनी खपली काढता.’ त्यांना आमचे उत्तर असे की, स्पर्धकाची जात विचारण्याचे कारणच उरू नये अशी व्यवस्था स्पर्धेच्या आधीच करता येते. माणसाला दारात न अडवता त्याचे ताट दारात अडवले की काम भागते. हा आमचा तर्क नव्हे, घडलेली गोष्ट आहे.

२०१५ सालच्या आरंभी या स्पर्धेचे चौथे पर्व झाले. ते संपूर्ण शाकाहारी होते. मांस नाही, मासळी नाही. जगातील अनेक देशांत ही स्पर्धा चालते. तिचे एखादे संपूर्ण पर्व मांसमासळीवाचून व्हावे, हे नवलच. ते ज्या देशात घडले तेथील बहुसंख्य माणसे मांस किंवा मासे खातात, ही गोष्ट सरकारच्याच नमुना पाहणीत वारंवार नोंदलेली आहे. म्हणजे बहुसंख्यांच्या जेवणाला ‘आपले राष्ट्रीय पाककौशल्य’ या सदरातून एका फटक्यासरशी वगळण्यात आले. कोकणच्या कोळणीने, बंगालच्या गृहिणीने, मलबारच्या मोपल्याने, वऱ्हाडातील खाटकाच्या मुलाने त्या वर्षी स्पर्धेत यायचे असल्यास आपल्या आईच्या हाताची चव घरी ठेवून यावे, असा तो नियम होता. येऊ नका असे कोणी म्हटले नाही. या, पण तुम्ही जे आहात ते होऊन येऊ नका, एवढेच म्हटले.

त्याच २०१५ सालच्या मार्च महिन्यात महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या हत्येवर बंदी घालणारा कायदा अमलात आला. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या विधेयकाला तब्बल वीस वर्षांनी राष्ट्रपतींची संमती मिळाली होती. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध होता असे आम्ही म्हणत नाही. पुराव्यावाचून तसे म्हणणे वकिलाला शोभत नाही. साल एक होते, इतकेच नोंदवतो. त्याच साली शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तकही मराठीत प्रसिद्ध झाले, हेही सोबत नोंदवतो. मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होते, कसे शिजत होते, काय मिळत नव्हते म्हणून काय खावे लागत होते, याची ती नोंदवही आहे. इकडे पडद्यावरून ते अन्न पुसले जात होते, तिकडे कागदावर ते लिहिले जात होते. त्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद होण्यास २०२४ साल उजाडले.

आता कोणी म्हणेल की, वाहिनी खासगी आहे, पैसा तिचा आहे, स्पर्धा तिची आहे. तिने काय दाखवावे हे सांगणारे तुम्ही कोण? कायद्याच्या दृष्टीने हा आक्षेप बरोबर आहे, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. शाकाहारी स्पर्धा भरवणे हा गुन्हा नाही. शाकाहारी खाणावळ चालवणे जसा गुन्हा नाही, तसाच. संविधानाच्या कोणत्याही अनुच्छेदाखाली आम्ही त्या वाहिनीला न्यायालयात खेचू शकत नाही आणि खेचू इच्छीतही नाही. परंतु जी गोष्ट गुन्हा नाही ती न्याय्य आहे असे कोणत्या विधि महाविद्यालयात शिकवतात? निदान आमच्या महाविद्यालयात शिकवीत नसत.

आणि न्याय्य-अन्याय्यतेची कसोटी लावायची असल्यास तिचे साधन त्या स्पर्धेनेच पुढे आमच्या हाती दिले. २०२३ सालच्या पर्वात एक जैन स्पर्धक होती. मासा शिजवण्याच्या फेरीत तिला माशाऐवजी पनीर देण्यात आले. यावर समाजमाध्यमांत मोठे काहूर उठले. एकीला सवलत म्हणजे इतरांवर अन्याय, अशी ओरड झाली. आम्ही त्या ओरडीत सामील नाही. एखाद्याच्या सद्सद्विवेकाला जी वस्तू हाताळणे पटत नाही ती त्याला बळेच हाताळावयास लावू नये, हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके नको ती कामे बळेच करावी लागली, त्यांना तर ते कोणापेक्षाही अधिक मान्य असले पाहिजे. त्या स्पर्धकाचा काही दोष नव्हता.

परंतु वाचकहो, त्या एका पनीरच्या तुकड्याने काय सिद्ध केले ते पाहा. ज्याला मांस नको त्याला ते न देता स्पर्धा चालवता येते. इतरांचा मासा न काढून घेताही त्याच्या श्रद्धेचा मान राखता येतो. घटनात्मक कायद्यात एक प्रश्न नेहमी विचारला जातो : जे साध्य करायचे आहे ते कमी बंधन घालून साधले असते काय? साधले असते, तर जास्तीचे बंधन समर्थनीय ठरत नाही. २०२३ सालच्या सवलतीने २०१५ सालच्या नियमाविरुद्ध हा निकाल देऊन टाकला आहे. शाकाहारी स्पर्धकांची सोय हा त्या नियमाचा हेतू असता, तर सोय करून भागले असते. सर्वांच्या हातातील सुरी काढून घेण्याचे कारण नव्हते. मग हेतू काय होता? ज्यांनी तो नियम लिहिला त्यांनी सांगावे.

यावर आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो. ‘तुमच्या खाण्यात स्पर्धेला नेण्यासारखे आहे तरी काय?’ शब्द इतके उघडे नसतात, सूर मात्र हाच असतो. आम्ही विधि महाविद्यालयात असताना आमच्या डब्यावरचे झाकण निघाले की एक सहाध्यायी हसतमुखाने विचारी, ‘आज तुमच्याकडचे काय?’ तो मनाने वाईट नव्हता. पुढे चांगला न्यायाधीश झाला. पण ‘तुमच्याकडचे’ हा शब्द तो आमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या डब्याला लावीत नसे. डब्यात असायची ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कधी वजडी. आईने पहाटे उठून ती वजडी चुन्याने आणि गरम पाण्याने घासून घासून पांढरीशुभ्र केलेली असे. ज्याने ते काम कधी केले नाही त्याने त्याला हलके म्हणू नये. दोन तासांच्या मेहनतीत एक डाग राहिला तरी सगळे कालवण वाया जाते. आणि मसाल्याला तेल पुरेसे नसताना त्याला चव आणणे, याला पाककौशल्य नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

ज्यांना हे पटत नसेल त्यांच्यासाठी परदेशातील एक दाखला देतो. आपल्याकडे परदेशातून शिक्का मारून आलेली वस्तू लवकर पटते. ऑस्ट्रेलियातील याच स्पर्धेच्या २०२१ सालच्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी या बांगलादेशी वंशाच्या बाईंनी पांता भात करून वाढला. पांता भात म्हणजे रात्रभर पाण्यात भिजत ठेवलेला उरलासुरला भात. सोबत कुस्करलेला बटाटा आणि मासळी. बंगालमधील शेतमजूर सकाळी उठून तो खातो. ओडिशात त्यालाच पखाळ म्हणतात. आपल्याकडच्या पेजेचा आणि आंबिलीचा तो भाऊबंद. बाई त्या वर्षी तिसऱ्या आल्या. पहिला आला जस्टिन नारायण हा फिजीतील भारतीय वंशाचा तरुण. परंतु पद्मा-मेघनेच्या दोन्ही तीरांवर चर्चा झाली ती पांता भाताचीच. ज्या भाताला पाहुण्यांसमोर आणायची लाज वाटे तो जगासमोर गेला आणि परीक्षकांनी तो आवडीने खाल्ला. त्या बाईंनी भाताला नवे नाव दिले, सुंदर भांड्यात घातले, हे खरे. पण तो कोणाचा आहे हे लपवले नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे. येसराची आमटी, घोळ-तांदुळजाची भाजी, रक्ती, सुकटीचे कालवण हे पदार्थ ‘विस्मृतीतील ग्रामीण चव’ अशा गुळगुळीत नावाने नकोत, ज्यांच्या चुलीवरून आले त्यांच्या नावानिशी हवेत.

येथवर ताटाविषयी झाले. हाताविषयी अजून बोलायचे आहे, आणि तेच अधिक अवघड आहे.

ज्या हाताला पडद्यावर सोन्याची शाबासकी मिळते, तोच हात पडद्याबाहेर कसा वागवला जातो? २०१७ सालच्या सप्टेंबर महिन्यात विद्येच्या माहेरघरी, पुण्यात, एका उच्चशिक्षित बाईंनी आपल्या स्वयंपाकिणीविरुद्ध पोलिसात फिर्याद दिली. आरोप काय? तिने आपली खरी जात लपवली. गौरी-गणपतीच्या आणि श्राद्धाच्या सोवळ्याच्या स्वयंपाकाला त्यांना ब्राह्मण सुवासिनी हवी होती. ही स्वयंपाकीण ब्राह्मण नसल्याचे त्यांना मागाहून कळले. पोलिसांनी तोतयेगिरीने फसवणूक केल्याचे कलम लावून गुन्हा नोंदवला. भारतीय दंड संहितेचे ते कलम ४१९, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. चहूकडून निषेध झाल्यावर फिर्याद मागे घेण्यात आली. ती बाई पूर्वास्पृश्य समाजाचीही नव्हती. मराठा संघटनांनीच प्रथम आवाज उठवला. सोवळ्याची काठी वर उचलली की ती कोणाकोणाच्या पाठीवर पडते याचा आपल्या मराठा बांधवांना त्या वेळी अनुभव आला असेल.

या फिर्यादीचा वकिलाच्या नजरेने थोडा विचार करा. फसवणूक म्हणजे नुसते खोटे बोलणे नव्हे. त्या खोट्यामुळे समोरच्याच्या शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला इजा पोहोचावी लागते. येथे इजा कोणती? स्वयंपाक बिघडला होता काय? कोणी आजारी पडले होते काय? तशी तक्रार कोणाची नव्हती. अन्न रुचकर होते, म्हणून तर तिला पुनःपुन्हा बोलावणे गेले. इजा एकच : विटाळ. म्हणजे ज्या विटाळाला संविधानाच्या अनुच्छेद १७ ने कायद्याच्या राज्यातून हद्दपार केले, तोच दंड संहितेच्या मागील दाराने ‘नुकसान’ या नावाखाली पोलीस ठाण्यात येऊन बसला. आपल्या घरात कोणाला कामावर ठेवावे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य त्या बाईंना होते असे क्षणभर धरून चालू. पण त्या निवडीच्या रक्षणासाठी राज्यसंस्थेचा हवालदार धाडता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात हेच सांगितले होते : काळ्या माणसाला घर विकू नये असा करार खासगी माणसांनी केला तर केला, न्यायालय त्याची अंमलबजावणी करणार नाही.

पुण्याची गोष्ट खासगी घरातील म्हणून सोडून द्या. सरकारी शाळेचे काय? सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी अन्नाच्या हक्काच्या खटल्यात आदेश दिला की, शाळेतील मध्यान्ह भोजन शिजवणाऱ्यांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती आणि जमाती यांना प्राधान्य द्यावे. या आदेशामागील दृष्टी फार खोल होती. पोराच्या जिभेवर जात बसण्यापूर्वी तिथे दलित बाईच्या हातची खिचडी पोहोचावी, हे त्यात होते. प्रत्यक्षात काय घडले? २०२१ सालच्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सूखीढांग येथील शाळेत दलित भोजनमातेने केलेले जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. प्रशासनाने काय करावे? मुलांच्या आईबापांना कायदा समजवावा? त्यांनी भोजनमातेलाच काढून टाकले. तेव्हा दलित मुलांनी सवर्ण स्वयंपाकिणीच्या हातचे खाण्यास नकार दिला. पुष्कळ बोभाटा झाल्यावर तिला पुन्हा कामावर घेण्यात आले. त्या दलित पोरांना कोणी परीक्षक म्हणून बसवले नव्हते. पण त्या वर्षी या देशात कोणी अन्नाचा खरा निवाडा केला असेल तर तो त्यांनी.

विजेत्याला २०२३ साली २५ लाख रुपये मिळाले. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाईसाठी केंद्र सरकारने २००९ साली मानधन ठरवले ते महिना १,००० रुपये. राज्ये आपापली भर घालतात. तुलना अन्यायाची आहे, हे आम्ही जाणतो. स्पर्धेतील पैसा जाहिरातदारांचा आणि हा तिजोरीचा. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आणि तुरुंग? तेथे तर माणूस आधीच सर्व काही गमावून आलेला असतो. पण पश्चिम बंगालच्या कारागृह नियमांत लिहिले होते की, बंद्यांचे अन्न योग्य जातीच्या बंदी-आचाऱ्यांनी शिजवावे आणि कोठड्यांपर्यंत न्यावे. ‘योग्य जातीच्या’! हे मनूचे नव्हे, स्वतंत्र भारताच्या एका राज्याच्या नियमावलीतील शब्द आहेत. पत्रकार सुकन्या शांता यांनी हे शोधून काढले, न्यायालयात नेले आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सर्व नियम घटनाबाह्य ठरवले. संविधान अमलात येऊन चौऱ्याहत्तर वर्षे उलटल्यावर! येथे आम्हाला पुन्हा त्या ऑस्ट्रेलियाची आठवण होते. २०१८ साली तिथे ही स्पर्धा जिंकली सशी चेलिया यांनी. सिंगापुरात जन्मलेले, भारतीय वंशाचे हे गृहस्थ व्यवसायाने कोण होते? अॅडलेडच्या तुरुंगातील अधिकारी. तिकडे तुरुंगाचा अधिकारी कालवणे रांधून देशाचा लाडका होत होता, त्या वर्षी इकडे तुरुंगाचा नियम आचाऱ्याची जात तपासत होता.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही या घासाला नको तेवढे महत्त्व देतो असे होईल. बाबासाहेबांनी १९३६ सालीच जातिभेदनिर्मूलनावरील आपल्या भाषणात बजावले होते की, सहभोजनाने जात मरत नाही. सहभोजने झाली आणि जात शाबूत राहिली. दूरचित्रवाणीवरचे सहभोजन त्याला अपवाद नाही. परीक्षक स्पर्धकाच्या हातचे खातो आणि पाहणारा ते पाहून टाळ्या वाजवतो, मग उठून स्वयंपाकघरात जातो आणि कामवाल्या बाईचा कप वेगळ्या फळीवर ठेवतो. एकाच घरात, एकाच संध्याकाळी. तेव्हा पडद्याकडून क्रांतीची अपेक्षा आम्ही करीत नाही. पण त्या पडद्यावर जे चालते ते निदान प्रामाणिक असावे, एवढी अपेक्षा करतो.

म्हणून आपल्यापैकी ज्या भगिनी आणि तरुण या स्पर्धांच्या निवडचाचणीला जाणार असतील, त्यांना आमची एक विनंती आहे. तेथे काय आवडते याचा अंदाज बांधत बसून दुसऱ्याच्या घरचा पदार्थ नेऊ नका. आईने, आजीने जे शिकवले ते न्या. वजडी न्या, सुकट न्या, आंबील न्या. पदार्थाचे नाव बदलू नका आणि तो कोठून आला हे विचारतील तेव्हा वस्तीचे नाव सांगा. निवड झाली तर आनंदच आहे. पदार्थ चवीत कमी पडला म्हणून नाकारला, तर घरी येऊन पुन्हा शिजवा; हार मानण्यासारखे त्यात काही नाही. पण चव न घेताच नाकारला, तर त्याचे कारण लेखी मागा, आणि मिळाल्यास त्याची एक प्रत आमच्याकडे धाडा. आम्ही ती याच पानावर छापू.